आंदणाचं लाकूड

खैरटोल्यात सून येते ती आंदणात एक लाकूड घेऊन. पलंग, भांडी, आरशाचं कपाट ही पुढची गोष्ट. सोयरीक ठरताना मुलाकडचे सुपारीआधी विचारणार, "लाकूड कोन्तं देता?" बाहेरचा माणूस हे ऐकून हसतो. मग एखाद्या पावसाळ्यात तो त्या गावी अडकतो आणि त्याचं हसू जिरतं.

तालुक्याच्या गोरेगावपासून धानाच्या बांध्यांमधून जाणारा रस्ता जिथं संपतो तिथं कोसमी नाला आडवा येतो. नाला म्हणायची आपली पद्धत. श्रावणात त्याच्यापुढे एखादी नदी लाजेल. गावाला तीन बाजूंनी त्याचा वेढा आणि चौथ्या बाजूला जंगलाची डोंगरी. आषाढातली आखाडी झाली की गावाचं दार लागायचं ते दिवाळीलाच उघडायचं. मीठ, तेल, तापाच्या गोळ्या, जे भरायचं ते आधी भरून ठेवायचं. सुशीलाबाई म्हणायच्या, "सासर म्हंजे कैद, हे सारेच सांगतात. आमच्या कैदेले पान्याची भिंत हाय, एवढाच फरक."

सुशीलाबाईंचं माहेर चिचगडचं, जंगलाला टेकलेलं. लग्न ठरलं तेव्हा वडिलांनी आपल्या बांधावरचं ऐनाचं झाड तोडलं. त्याच ऐनाखाली धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्या लहानपणी भाकर खायच्या. लाकूड इतकं लांब निघालं की एका बैलगाडीत मावेना. दोन गाड्या एकामागे एक लावून त्यावर ते टाकलं. वरात निघाली तेव्हा लाकूड पुढं आणि नवरी मागं. टोकाला वडिलांनी कुऱ्हाडीनं एक फुली पाडली, खाली दोन खाचा केल्या, आणि मुलीला म्हणाले, "हे लाकूड तुले तिकडं नेऊन राहिलं, आन् हेच तुले दरसाली वापस आनीन."

नवरदेव केवळराम पुढं कित्येक वर्षं सांगत, "सारे लोकं नवरी पाहून राहिले होते. मी लाकूड पाहून राहिलो होतो." हे ते गंमतीनं म्हणत की खरंच, ते सुशीलाबाईंना बरीच वर्षं कळलं नाही.

कारण केवळराम होते पुलाचे मुखिया. त्यांच्या वडिलांकडून आलेला मान. दिवाळीत पाणी गुडघ्याखाली उतरलं की गावचे पुरुष नाल्यात उतरायचे. आधी जाड खांब ठोकायचे, खांबावरून खांबावर सुनांची लाकडं टाकायची, वर बांबूचे तट्टे, त्यावर पळसाच्या फांद्या आणि सगळ्यांत वर मुरूम. बैलगाडी जाईल असा पूल व्हायचा. बाकीची लाकडं आखूड. मधल्या डोहात खांब टिकत नसे, तिथं सुशीलाबाईंचं ऐनाचं लाकूड एका दमात पार जायचं. आणि पावसाच्या तोंडावर रोहिण्या लागल्या की सगळा पूल उलगडून लाकडं केवळरामांच्या अंगणात रचून ठेवायची. यात मुखियाचा एकच नियम होता: पान्याच्या आधी लाकूड बाहेर. कोणाची लेक यायची आहे, कोणाचा पाहुणा जायचा आहे, असली सबब केवळरामांपुढे चालत नसे. ढग पाहून ते हात वर करत आणि पूल मोडायला लागे. त्या घडीला जो जिकडे असेल तो तिकडे.

ही रीत पडली कशी, ते गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या पुष्पाबाई सांगायच्या. फार पूर्वी लोक वाळलेले भोपळे कमरेला बांधून पोहून जात. मग कोणीतरी काठावरचं एक झाड आडवं पाडलं. त्यावरून पोटावर सरपटत जावं लागे. "मंग एका बापाची पोट्टी इथी देल्ली," पुष्पाबाई डोळे मोठे करून सांगायच्या. "दोन सालं झाली तरी सासरचे म्हनत, नाल्याले पानी हाय, कशी पाठवू? तो बुढा एका दिवशी खांद्यावर लाकूड घेऊन आला. सासरच्यांच्या दारात आपटलं. म्हने, घ्या, आता पाठवा!" तेव्हापासून प्रत्येक बाप लाकूड देतो. पण बाईनं लाकूड आणायचं तेवढं. पूल बांधताना त्याला हात लावायचा नाही. लावला तर नाला चिडतो म्हणे. नवी नवरी असताना सुशीलाबाईंनी विचारलं होतं, "मंग मी आनलं तवा काऊन नाई चिडला?" सासूनं चुलीतलं लाकूड आत सारत सांगितलं, "जास्त नोको बोलू."

आता या कैदेतला एक सण असा होता की तो सुशीलाबाईंना दरसाली टोचायचा. राखी. राखी श्रावणात येते आणि श्रावणात पूल अंगणात रचलेला असतो. म्हणून खैरटोल्याच्या सुना राखी बांधतात ती भाऊबीजेला, त्याच ताटात, त्याच ओवाळणीत. चिचगडची वहिनी हयात होती तोवर चिडवायची, "आली आमची शिळी राखी!" सगळे हसत, सुशीलाबाईही हसत.

पण पहिल्या वर्षी त्यांचा धाकटा भाऊ नंदलाल हट्टानं आला होता. राखीच्या दिवशी, पावसात, काळी छत्री घेऊन पलीकडच्या काठावर उभा. सुशीलाबाई अलीकडे. मध्ये गढूळ पाणी, त्यात फांद्या, एक मेलेली शेळी. तो काहीतरी ओरडत होता, ऐकू काही येत नव्हतं. शेवटी त्यानं उजवा हात वर केला आणि डाव्या हातानं मनगट दाखवलं. रिकामं. बराच वेळ तसा उभा राहून तो गेला. केवळराम शेजारीच होते. लाकडं अंगणात होती. "टाका ना जी एक लाकूड," नव्या नवरीनं धीर करून म्हटलं. केवळराम म्हणाले, "बह्याड झाली का? नाला लाकूड घेऊन जाईन." तेव्हाही ते बरोबरच होते. नवऱ्याचं बरोबर असणं हीसुद्धा एक भिंत असते, हे सुशीलाबाईंना त्या दिवशी समजलं.

दिवस गेले. लेक रीता झाली, मोठी झाली, लग्न होऊन फुलचूरला गेली. मधल्या काळात सरकारी रपटा आला. सिमेंटचे मोठे पाइप मांडून त्यावर बुटका, सपाट रस्ता. पहिल्याच पुरात पाइपांत झाडझाडोरा अडकला, पाण्यानं दोन्ही बाजूंची माती खाल्ली आणि रपटा नाल्याच्या मधोमध एकटा उरला. उन्हाळ्यात त्याच्या पाइपांत शेळ्या बसत. केवळरामांनी पुढल्या दिवाळीत काठापासून रपट्यापर्यंत आणि रपट्यापासून पलीकडे लाकडं टाकली आणि त्यांचा मुखियाचा मान आणखी वाढला.

मग दोन उन्हाळ्यांमागे मोठ्या पुलाच्या मशिनी आल्या. नाल्यात खोल खड्डे घेऊन पाये भरले, त्यातून सळया उभ्या राहिल्या, खांब चढले, खांबांवर स्लॅब पडला. केवळराम रोज मोहाच्या झाडाखाली बसून पाहत. जेवायला बोलावलं तरी उठत नसत. "नाला याले ठेवत नाई, पाहून घेजो," असं रोज एकदा म्हणत. पहिला पावसाळा अर्ध्या खांबांनी काढला, एक तडा नाही. दुसऱ्या उन्हाळ्यात पूल पुरा झाला. दोन्ही टोकांना मुरमाचा उंच भराव घालून रस्ता जोडला आणि पहिला ट्रॅक्टर पुलावरून गेला तेव्हा गावानं फटाके फोडले. केवळराम घरी आले, हातपाय धुतले आणि तसेच झोपले.

दुसऱ्या दिवशी पुरुषांची बैठक झाली: आता लाकडं कशाला? ज्याचं त्यानं न्यावं. अंगणातली रास दुपारपर्यंत सरली. कोणी खुराडं केलं, कोणी जेवणावळीच्या चुलीत घातलं, पुष्पाबाईंच्या नातवानं दाराची चौकट केली. हा आनंदाच्या भरातला उतावीळपणा होता. गाडी यायच्या आधी बैल विकावा तसा. पण त्या दिवशी तसं कोणालाच वाटलं नाही.

आणि केवळरामांनी, सुशीलाबाईंना न विचारता, ऐनाचं लाकूड उचललं आणि म्हशीच्या नव्या कोठ्याला छपराचं आढं म्हणून चढवलं. सुशीलाबाई शेणाची पाटी घेऊन आल्या तेव्हा वर कवेलू, मातीची कौलं, चढत होते.

"अजी, ते माह्या बापानं देल्लं होतं."

"मंग का चुलीत जारून टाकलं का मी? घरातच हाय. पूल झाला ना आता, कायले लागते?"

सुशीलाबाई पाटी घेऊन उकिरड्याकडे गेल्या. पण रोज दूध काढताना मान आपोआप वर जायची. म्हशीच्या शिंगांच्या बरोबर वर ती फुली आणि दोन खाचा दिसायच्या.

आखाडीच्या सुमारास नंदलालचा फोन आला. त्याचा मुलगा भूपेंद्र रायपूरला नोकरीला, तो बापाला कायमचा घेऊन जाणार होता. "एकटा कुठवर राहू बाई? राखी झाली की घराले कुलूप. भूपेंद्र गाडी घेऊन येते." मग म्हणाला, "आता तं पूल हाय. यंदा ताजी राखी बांध. आपल्या दारात."

"येईन," सुशीलाबाई म्हणाल्या. तो एक शब्द त्यांनी त्या रात्री आणि पुढच्या कितीतरी दिवसांत मनातल्या मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिला. इतक्या वर्षांत श्रावणात हा शब्द त्यांनी कधी वापरलाच नव्हता. गोरेगावच्या बाजारातून राखी आणली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवली. निळी साडी इस्त्रीला दिली. रोवणी आटोपली. आणि राखीला चार-पाच दिवस असताना झड लागली.

तिसऱ्या सकाळी पोरं ओरडत आली. सगळं गाव धावलं. पूल होता तिथंच होता, धुतल्यासारखा स्वच्छ. पलीकडचं टोकही शाबूत. पण अलीकडच्या टोकाचा भराव नाल्यानं पोखरून नेला होता. गावाचा रस्ता मोडलेल्या भाकरीसारखा एका जागी तुटला होता, तिथून पंधरा-सोळा हातांवर पुलाचं टोक, आणि मधल्या घळीतून पाणी घुसळत चाललं होतं. कार्यालयात फोन लावला. उत्तर आलं: पाऊस उघडला की मुरूम टाकू.

लोकांनी केवळरामांकडे पाहिलं. केवळरामांनी लोकांकडे पाहिलं. "माह्याकडे का पाहता? लाकडं कोनी नेली?" आणि ते घरी निघून आले.

जुना पूल चुलीत गेला आणि नवा पूल हात पुढं करून पलीकडेच उभा राहिला. पूर्वी निदान ठाऊक असायचं की पूल नाही. आता तो दिसत होता. सुशीलाबाई पाणी भरायला जाता-येता त्याच्याकडे पाहत. पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून बाहेर गज रोवावेत, तसं. इस्त्रीची साडी खुंटीवर टांगलेली. म्हशीच्या कोठ्यात दूध काढायला त्या दोनदा जास्त वेळ बसल्या.

राखीच्या दिवशी सकाळी पाऊस जरा थांबला. काठावर बायका जमल्या होत्या. शेजारची दुर्गेश्वरी, याच उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली, रीताच्याच गल्लीतली फुलचूरची पोरगी, पार रस्त्याच्या तुटक्या कडेला जाऊन उभी होती. तिच्या बापानं लाकूड दिलं नव्हतं. पूल होतोय म्हणून कूलर दिला होता. पुलाच्या टोकावर तिचा भाऊ टिंकू मोटरसायकल घेऊन आलेला.

"दीदी, इतने पास से भी नहीं आ सकती क्या?" टिंकू फुलचूरच्या हिंदीत ओरडला.

"उड़ के आऊँ क्या? पागल!" दुर्गेश्वरी हसता हसता रडत होती.

"फेक दे ना राखी! मैं पकड़ता हूँ!"

तिनं राखी एका खड्याला बांधली आणि सगळा जोर लावून फेकली. टिंकू पुढं झुकला. खडा त्याच्या बोटांच्या वीतभर खालून गेला आणि पाण्यात पडला. टिंकूनं रिकामा हात वर धरला, बहिणीला दिसावा म्हणून.

तेवढं मनगट पाहिलं आणि सुशीलाबाई वळल्या. घरी आल्या, पदर कमरेला खोचला, कोठ्याला शिडी लावली आणि कवेलू उतरवायला लागल्या.

केवळराम चहाचा कप हातात घेऊन बाहेर आले. "हे का करून राहिली?"

"आढं काढून राहिली."

"पानी येऊन राहिलं वरतं! म्हैस ओली होईन!"

"होऊ द्या. तिचं माहेर कोठी अडकलं हाय?"

"रीताची माय, बाईनं पुलाच्या लाकडाले हात नाई लावा."

"लावला तं नाला चिडते?" सुशीलाबाईंनी एक कवेलू खाली ठेवला. "मंग आता का तो हासून राहिला काय?"

दारात दुर्गेश्वरी येऊन उभी होती, मागून आणखी दोघीचौघी. दुर्गेश्वरी खाली उभी राहून कवेलू हातात घ्यायला लागली. मग साखळी झाली. पुष्पाबाई काठी टेकत आल्या आणि बाजेवर बसून हुकूम सोडू लागल्या. "हळू गं! फोडू नोका! उद्या हेच छपरावर चढवाचे हायेत माय सारे!" म्हैस गोंधळून एकेकीकडे पाहत होती.

केवळरामांचा चहा निवला. आढं खाली आलं, बायकांनी ते खांद्यावर घेतलं आणि निघाल्या. मागून ते आले, पण हात मागं बांधून. तुटक्या कडेला बायका थांबल्या. आणणं जमलं होतं. टाकायचं कसं, ते कोणीच कधी केलं नव्हतं. त्यांनी टोक पुढं सरकवलं. अर्ध्यावर गेल्याबरोबर पुढचं टोक जड होऊन खाली झुकलं, पाण्याला लागलं, पाण्यानं ते ओढलं आणि मागच्या तिघी चिखलातून घसरत कडेपर्यंत गेल्या.

"धरा! सोडू नोका!" केवळराम झेपावले आणि लाकडाच्या मागच्या टोकावर सगळ्या अंगानिशी पडले. पडल्या पडल्याच ओरडले, "बह्याड बायांनो, दोर आदी! लाकडाच्या तोंडाले दोर बांधा लागते! ए पोट्ट्या, तुह्याकडं दोर फेकतो, वरतं उचलून धर!"

मग काय, तेच. दगड बांधून दोर गेला, टिंकूनं तो पुलाच्या कठड्यावरून घेतला आणि उचलून धरला. मागून बायका आणि आता धावत आलेले चार बाप्ये. ऐनाचं लाकूड हवेत तरंगत पुढं सरकलं आणि सिमेंटच्या टोकावर ठक्कन टेकलं. अलीकडचं टोक केवळरामांनी दगडांनी आवळलं. दोर वर ताणून धरायला आधार केला. स्वतः आधी जाऊन आले, मधोमध उभं राहून दोनदा नाचले.

पुष्पाबाई म्हणाल्या, "घ्या! माह्या सासूच्या वक्ताचा पूल आला. एक झाड, खाली पानी." आणि पलीकडच्या त्या लांबरुंद सिमेंटकडे पाहून बोळक्या तोंडानं हसल्या. "आन् हा बिचारा याच्या भरोशावर."

टिंकू लाकडावरून अलीकडे आला, दुर्गेश्वरीनं त्याला तिथंच चिखलात राखी बांधली. दुसरी नव्हती म्हणून पुष्पाबाईंच्या देवाचा लाल दोरा. परत जाताना तो सुशीलाबाईंना गोरेगावच्या बसपर्यंत सोडणार असं ठरलं.

त्या निळी साडी नेसून आल्या. डब्यात राखी, दुसऱ्या डब्यात वास्त्याची भाजी. नंदलालला बांबूच्या कोंबांची ती भाजी लहानपणापासून आवडायची. चपला पिशवीत टाकल्या. केवळराम नाल्याचं पाणी पाहत होते, नेहमीसारखे, डोळे बारीक करून.

"सांजेले वरून पानी येईन. डोंगरीवर आभाळ कारं झालं हाय."

"मी उद्याच येऊ शकन जी."

"मंग लाकूड काढाच लागते. पान्याच्या आधी."

"हो," सुशीलाबाई म्हणाल्या. "काढजा." लाकूड निघालं की आपण पलीकडे राहिलो, मुरूम पडेपर्यंत, हे दोघांनाही ठाऊक होतं.

दोर धरून त्यांनी पाय ठेवला. लाकूड ओलं, गार. वरातीत पुढं चाललेलं ते त्यांनी पाहिलं होतं, पुलात मुरमाखाली पुरलेलं पाहिलं होतं, कोठ्याच्या वर पाहिलं होतं. अनवाणी पायांखाली कधी घेतलं नव्हतं. खाली पाणी धावत होतं आणि आपणच मागं सरकतोय असं वाटून डोकं गरगरलं. त्यांनी पुलाच्या टोकाकडे नजर लावली. शेवटच्या पावलाला अंगठ्याखाली खाचा लागल्या. एक, मग दुसरी. मग फुली. पुढचं पाऊल सिमेंटवर पडलं.

चिचगडला पोचेपर्यंत दिवस कलला होता. घरातलं सामान अर्धं बांधून झालेलं, ओसरीत बोचकी, भिंतीवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. नंदलाल दारात खुर्ची टाकून बसला होता. बहिणीला पाहून उठायच्या आधी त्यानं मनगट वर केलं. तसंच, जुन्यासारखं.

राखी बांधली. वास्त्याची भाजी त्यानं डब्यातूनच खाल्ली. "ताजी हाय," म्हणाला. भाजीबद्दल म्हणाला की राखीबद्दल, सुशीलाबाईंनी विचारलं नाही. सांज होता होता आभाळ फुटलं. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढत गेला तसं त्यांना एकच दिसायला लागलं: केवळराम कडेला उभे आहेत, हात वर करून. आता काढलं असेल. आता अंगणात आणलं असेल.

सकाळी पाऊस ओसरला. गावात भुजलीच्या सणाची तयारी चालली होती. पळसाच्या द्रोणांत उगवलेले गव्हाचे पिवळे कोंब डोक्यावर घेऊन बायका तलावाकडे निघाल्या होत्या. सुशीलाबाईंनी हे लग्नानंतर पाहिलं नव्हतं. भूपेंद्र गाडीत बोचकी चढवत होता. "आत्या, तुम्हाला देवरीपर्यंत सोडतो, तिथून बस आहे," तो म्हणाला. तेवढ्यात फोन वाजला. केवळराम.

"पोचली का नीट?"

"पोचली. तिकडं का झालं? नाला?"

"नाला भरला." मागं म्हैस हंबरली. "लाकूड गेलं."

"गेलं? काऊन? काढलं नाई तुमी?"

"नाई."

"अजी, तुमी? पान्याच्या आधी—"

"मले सांगू नोको ते," केवळराम एकदम चिडून म्हणाले. मग आवाज उतरला. "काढाले गेलतो. चार जन होते सोबत. टोक उचललं बी. मंग म्हटलं, आजच्या आज येते बी, कोन सांगावं. बस भेटली तं येते. आन् इथी येऊन उभी राहीन पुलावर, सामनेच लाकूड नाई. अंधार पडेवरी उभा होतो. मंग पानी आलं."

सुशीलाबाईंच्या डोळ्यांपुढे ते लाकूड आलं, फुली वर, फुली खाली, गोल फिरत चाललेलं. आणि कडेला भिजत उभा असलेला तो माणूस, ज्यानं आयुष्यभरात नाल्याला एक काडीसुद्धा चुकून दिली नव्हती.

"जेवले का?" शेवटी त्यांनी विचारलं.

"चुलीवर भात जरला. म्हैस ओली हाय, दूध देत नाई. दुर्गेश्वरीनं भाकर आनून देल्ली." मग, जरा बऱ्या आवाजात, "तू आता कशी येशीन? राय तिथीच. मुरूम पडेवरी."

त्यांनी फोन ठेवला. भूपेंद्र गाडीचं मागचं दार लावत होता. नंदलाल कुलूप हातात घेऊन उंबऱ्यावर उभा होता.

"चला आत्या, निघू या?"

"कोठी निघू बाप्पा?" सुशीलाबाई म्हणाल्या. "नाल्याले पानी हाय. कशी जाऊ?"

भूपेंद्रला काही समजेना. पण नंदलालच्या चेहऱ्यावर आधी नवल आलं, मग खांदे हलायला लागले. तो हसत हसत उंबऱ्यावरच बसला, डोळे पुसले आणि कुलूप परत खिशात टाकलं. "भूपेंद्र, तू जा रे आजच्या दिवस. गाडी घेऊन मंग ये. तुह्या आत्याच्या नाल्याले पानी हाय."

सुशीलाबाई गाडीपाशी गेल्या, भांड्यांचं बोचकं ओढून खाली घेतलं, त्याची गाठ दातानं सोडवली आणि भात शिजवायचा मोठा गंज बाहेर काढला.